हवा काढलेली पिशवी

फिनलंडला पाच दिवस जाऊन आल्यावर दाजींच्या पदरात काय काय पडणार, हे मी त्यांच्या पलंगावर बसून चहा संपायच्या आत मोजून टाकलं होतं. एक, नातू. पोरगं दहा महिन्यांचं झालं होतं आणि अजून फोनच्या काचेतच रांगत होतं. दोन, लेकीचा संसार. तीन, बर्फ. आणि चौथं, जे दाजी मरेपर्यंत कबूल करणार नाहीत पण ज्यासाठी त्यांचा जीव खरा वरखाली होत होता, ते म्हणजे सात किलोंच्या एका बॅगेत परदेश करून आलो, हे सांगलीभर सांगत फिरायची कायमची सोय.

“बापूराव, पाहुण्यासारखे बसू नका. हे धरा जरा.”

त्यांनी हुकाचा काटा माझ्या हातात दिला आणि त्याला पायमोज्यांची जोडी लटकवली.

“अहो दाजी, पायमोजेसुद्धा?”

“ग्रॅमाग्रॅमानंच किलो होतो. वाचा आकडा.”

दाजी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या. म्हणजे मी त्यांचा मेव्हणा, आणि त्यांच्या नोकरीची अख्खी वर्षं त्यांच्या नजरेत संशयितही. भाऊबीजेला ताटावर बसलो की पहिला घास घ्यायच्या आत विचारायचे, “यंदा काट्यावर शिक्का मारून घेतला का?” अशा माणसाला जावयानं जे तिकीट काढून दिलं ते स्वस्तातलं, फक्त हातातल्या एका बॅगेचं. रेवानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, फोनवर विचारलंही होतं, “बाबा, मोठी बॅग वाढवून घेऊ का?” दाजींना तो अपमान वाटला.

“जास्त वजनात सापडायला मी काय गुळाचा व्यापारी आहे?” ते आता परत एकदा म्हणाले.

“हळदीचा म्हणा. मी समोरच बसलोय.”

ते हसले नाहीत. दाढीचा साबण त्यांनी सुरीनं अर्धा कापला, टॉर्चमधले सेल काढून टाकले, चष्म्याची डबी नको म्हणून चष्मा मोज्यात घातला. सदऱ्याच्या घडीतला पुठ्ठासुद्धा काढून बाजूला ठेवला. थंडीचे जाड कपडे ही मोठी अडचण होती, पण त्यावर त्यांनी तोड काढली होती. बाजारातून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. त्यात कपडे भरायचे, तोंड बंद करायचं, झडपेला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून आतली हवा ओढून घ्यायची. गादीएवढे कपडे पापडाएवढे होतात. व्हॅक्यूम क्लीनर माझ्या घरचा होता. तो पोहोचवायलाच मी आलो होतो.

खरं तर या प्रवासात माझं काही कामच नव्हतं. दुसरं तिकीट अक्काचं निघायचं होतं. अक्का माझी थोरली बहीण, दाजींची बायको. दिवाळी झाली आणि दाजींच्या आई, आत्ती, न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळल्या. त्यांना कुशीवर वळवणं, भांडं देणं, भरवणं हे अक्काशिवाय कुणाला जमत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणी करून बघितलंच नव्हतं. “मी राहते. तुम्ही बापूला घेऊन जावा,” असं अक्काच म्हणाली, आणि सगळ्यांनी ते इतकं पटकन मान्य केलं की पुढचं वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं असावं.

तिला बर्फाचं काही नव्हतं. तिला ओढ होती ती बोरन्हाणाची. आम्ही पोहोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि नातवाची पहिली संक्रांत. त्याला काळं झबलं घालायचं, हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांचं बोरन्हाण अक्काच्या हातच्या हलव्यानं झालेलं. शेगडीवर परात ठेवून, तिळावर चमचा चमचा पाक सोडत, दिवसचे दिवस ती बोटांनी परतत बसायची. थंडी चांगली पडली आणि हात थांबला नाही, तरच त्या दाण्याला काटे फुटतात. मग ते दाणे सुईदोऱ्यानं ओवून मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या. लोक बघायला यायचे.

त्या वर्षी मात्र दाजींचं फर्मान निघालं होतं, की खाण्याची एकही जिन्नस बरोबर येणार नाही. विमानतळावर वास घेणारी कुत्री असतात, आणि रेवानं स्वतःच सांगितलंय, काही आणू नका, तुम्ही या फक्त.

“अक्का, यंदा हलवा नाही?” मी आल्या आल्या विचारलं होतं.

“कुणासाठी करू?” ती म्हणाली आणि कपबशी पुढे केली. तिच्या बोटांची टोकं लाल झालेली दिसली.

“भाजलं काय गं?”

“भाकरीचा तवा.”

माणूस कितीला विकला जाईल हे मला त्याच्या चपलेवरून कळतं असा माझा लौकिक होता. त्या दिवशी तो लौकिक मी चहात बुडवून पिऊन टाकला.

पहिली पिशवी चपटी होऊन बॅगेत गेली आणि दाजी दुसरीत स्वेटर भरायला लागले, तेव्हा अक्का बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी धरून आली. देवाचं तबक धरावं तसा.

“एवढं तेवढं न्यायचंय. बाळाचं आहे.”

“काय आहे?”

“कपडे. झबलं, कुंची, दुपटं.”

“खाण्याचं नाही ना?”

“कपडे म्हटलं ना.”

“मग डब्यात कशाला? डब्याचंच वजन केवढं!” दाजींनी झाकण उघडलं आणि आतलं गाठोडं बाहेर काढलं. काळ्या कापडाचं गुबगुबीत गाठोडं होतं, दोऱ्यानं टाचलेलं. त्यांनी ते काट्याला अडकवलं. “कपड्यांच्या मानानं जडच आहे की.”

“जाड कापड आहे. थंडी आहे ना तिकडं.”

“सोडून बघू काय?”

“सोडू नका,” अक्का जरा मोठ्यानं म्हणाली. मग खाली बघत, “मी टाचून ठेवलंय. रेवाला सांगा, बोरन्हाणाच्या वेळी सगळ्यांसमोर सोड म्हणावं. तोवर नको. आणि डब्यातच राहू द्या हो. डबा हातात धरून न्या.”

“हातात पासपोर्ट असतो, सुले.”

“मग बापूच्या हातात द्या.”

“माझ्या हातात दाजी असतात,” मी म्हणालो. “ते हरवले तर तू मलाच विचारशील.”

अक्का हसली. पुढं काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्तींची हाक आली. “सुले, अगं ए सुले...” हाकेवरूनच कळलं की भांडं द्यायला आधीच उशीर झालाय.

“आले, आले. अहो, तोवर ते भरू नका हं,” म्हणत अक्का पळाली. डबा पलंगावर राहिला.

दाजींनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा बॅगेकडे. गाठोडं उचललं, दोन स्वेटरांच्या मधे ठेवलं, पिशवीचं तोंड बंद केलं आणि नळी लावली. यंत्र घोंघावायला लागलं. पिशवी आक्रसत गेली. स्वेटरांच्या बाह्या आतल्या आत पिळवटल्यासारख्या झाल्या. मधला उंचवटा थोडा वेळ दाद देईना, तेव्हा दाजींनी त्यावर गुडघा टेकला.

आत काहीतरी करकरलं.

“पिशवी फाटली काय?” मी विचारलं.

“प्लॅस्टिक आहे. वाजणारच.” त्यांनी झडप बंद केली, तो पापड बॅगेत सरकवला, चेन ओढली आणि अख्खी बॅग काट्याला लटकवली. आकडा बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की तसा मी रेवाच्या लग्नातही बघितला नव्हता. “सहा किलो नऊशे. घ्या! वर शंभर ग्रॅमची सूट सरकारला.”

अक्का पदराला हात पुसत आली. रिकामा डबा तिच्या हातात देत दाजी म्हणाले, “हा तुझा डबा. बसलं सगळं.”

तिनं बंद बॅगेकडे बघितलं. “दबणार नाही ना?”

“कपड्यांना काय दबायचंय?”

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, स्वतःच्या तिकिटावर दुसरा माणूस निघालेला बघून कुणालाही वाटेल तसं हिला वाटत असेल. मी मान वळवली. डबा पोटाशी धरून ती आत गेली.

मुंबईच्या विमानतळावर रांगेत दाजी बॅग एका बोटावर तोलून उभे होते, पुढच्यामागच्यांनी बघावं म्हणून. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघितले, बोर्डिंग पास दिले, आणि जा म्हणाली.

“वजन?” दाजींनी विचारलं.

“छोटीच बॅग आहे ना काका? राहू द्या.”

“तसं नाही. एकदा ठेवून तर बघा काट्यावर.”

“काका, मागं लाइन आहे.”

मी त्यांना दंडाला धरून पुढं नेलं. विमानात चढेपर्यंत ते बॅग बोटावर तोलतच राहिले. मग म्हणाले, “अशानंच देश बुडतो.”

रेवा राहायची ते तांपेरे नावाचं गाव. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तर नाकातला वाराच गोठला. दुपारी तीनला दिवे लागलेले, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग, आणि जावई निशांत आम्हाला सांभाळत नेत होता, दोन मडकी नेल्यासारखं. दार उघडलं तेव्हा रेवानं आधी बापाच्या गळ्यात हात टाकले, मग मागं बघितलं.

“सामान खाली राहिलं का?”

“हेच सामान!” दाजींनी बॅग उंच धरली. या प्रश्नाची वाट ते सांगलीपासून बघत होते.

रेवा हसली, पण त्या बॅगेकडं दोनदा बघितलं. “आईनं दिलेलं कुठंय?”

“आहे. अगदी हवाबंद. उद्या सगळ्यांसमोर सोडायचं, असा हुकूम आहे.”

“माहीत आहे,” रेवा म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. “मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

नातवाचं नाव ओजस. त्यानं आजोबांच्या मिशा धरल्या आणि सोडल्याच नाहीत. दाजी डोळे पुसत होते, ते मिशा ओढल्यामुळं असं मी त्यांना सुचवलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी तीनचार घरची माणसं जमली. दोन मराठी कुटुंबं, एक इंदूरचं, आणि शेजारच्या हेल्मीबाई, सत्तरीच्या, ताठ, लोकरीची टोपी घरातही न काढणाऱ्या. बोरं तिथं मिळत नाहीत म्हणून रेवानं वाळवलेली कसली तरी निळी फळं आणली होती, चुरमुरे, चॉकलेट, साखरफुटाणे. पाट मांडलेला. रांगोळी टेबलावर कागदात काढलेली, कारण जमिनीला गालिचा. हेल्मीबाईंना निशांत त्यांच्या भाषेत समजावत होता. मधूनमधून स्वतःच्या डोक्यावर मुकुट, मनगटावर बांगडी असं हातानं दाखवत होता. बाई मान डोलवत ऐकत होत्या. साखरेचे दागिने ही कल्पना त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“बाबा, आणा आता,” रेवा म्हणाली. काळ्या साडीत ती अगदी अक्कासारखी दिसत होती.

दाजींना हीच वेळ पाहिजे होती. त्यांनी ती चपटी पिशवी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. “आधी हे बघा. यात दोन स्वेटर, एक मफलर, पायजमा आणि बाळाचे कपडे आहेत, सांगून खरं वाटेल? निशांतराव, सांगा त्यांना.” निशांतनं सांगितलं. दाजींनी झडप उघडली. फुस्स करून हवा आत शिरली आणि स्वेटर श्वास घेतल्यासारखे वर आले. टाळ्या पडल्या. इंदूरकरांनी पिशवी कुठं मिळते ते विचारलं.

तेवढ्यात दाजी स्वतःच स्वेटरकडे बघून म्हणाले, “हे पांढरं काय लागलंय?”

रेवानं गाठोडं उचललं. ते गुबगुबीत राहिलं नव्हतं. पुस्तकासारखं चौकोनी, घट्ट झालं होतं. तिनं टाके उसवले. वरचं झबलं उलगडलं. आत कापूस होता, तो थापून पापुद्र्यासारखा झालेला. त्याखाली दुपटं. ते उघडताना तिचा हात हळू होत गेला.

आत भुगा होता. पांढरा, खरखरीत, मधेमधे काळ्या तिळाचे ठिपके असलेला. दुमडलेला सोनेरी कागद होता, तो एके काळी मुकुट असणार. दोरे होते, नुसते. एका दोऱ्यावर चार दाणे उरलेले. पुठ्ठ्याची बासरी मधोमध चिंबलेली. मनगट्या दोन होत्या, त्यातली एक का कोण जाणे शाबूत राहिली होती. तिच्यावरचा एकेक दाणा काट्यांनी भरलेला, दंवासारखा. एवढे काटे मी अक्काच्या हलव्यालाही कधी बघितले नव्हते.

हेल्मीबाई पुढं वाकून हळूच काहीतरी म्हणाल्या.

“त्या विचारतायत, बर्फ आहे का,” निशांत म्हणाला.

“हे काय होतं?” दाजींनी विचारलं. माणसं उत्तर माहीत असताना विचारतात तशा आवाजात.

“हलवा,” रेवा म्हणाली. “सगळे दागिने. आई डिसेंबरपासून करत होती. आजीला झोप लागली की बसायची. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.”

“मला कपडे म्हणाली.”

“खाण्याचं काही नेणार नाही म्हणालात ना तुम्ही.”

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मला त्या खोलीत यंत्र घोंघावल्यासारखं वाटलं, आणि करकर. त्यांनाही तेच ऐकू येत असावं, कारण त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

रेवा आईची लेक होती. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते तिनं भरूच दिले नाहीत. काळं झबलं झटकून ओजसला घातलं. मनगटी त्याच्या डाव्या हातात बांधली. दुपट्यातला भुगा चुरमुऱ्यांच्या भांड्यात ओतला आणि हातानं सगळं कालवलं. “चला, कोण पहिलं? हेल्मीआजी, तुम्ही या.” ताठ हेल्मीबाईंनी टोपी काढली आणि मापट्यानं पोराच्या डोक्यावर ओतलं. ओजस खिदळला. पोरंटोरं चॉकलेटवर तुटून पडली. बोरन्हाण झालं.

मग फोन लावायचा होता.

“मी सांगतो तिला,” दाजी म्हणाले. “चूक माझी आहे, मी सांगतो.”

“नाही बाबा.”

“रेवा, खोटं बोलायचं नाही.”

“बाबा, ती तिथं एकटी आजीजवळ बसून आहे. आज नाही.” आवाज चढला नव्हता, पण दाजी मागं सरले.

अक्का पडद्यावर आली. ठेवणीतली साडी नेसली होती, केसात गजरा होता. मागं आत्तींच्या पलंगाची दांडी दिसत होती.

“झालं काय गं? दाखव, दाखव.”

रेवानं फोन पोराच्या डाव्या हाताजवळ इतका नेला की पडद्यात मनगटाशिवाय काही मावेना. “बघ किती गोड दिसतंय. सगळे विचारतायत, कुणी केलं.”

“काटे राहिलेत की छान!” अक्काचा आवाज खुलला. “आणि मुकुट? मुकुट दाखव की.”

“ठेवूच देत नाहीये डोक्यावर. काढून फेकतोय.”

“आजोबावर गेलाय,” अक्का हसत म्हणाली. “ओझं नको अंगावर. अहो, आहात ना? नीट नेलंत हो. मला इथं घोर लागला होता. दबतंय काय, म्हणून.”

दाजी फोनच्या मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले. रेवानं मान हलवली, एकदाच, इकडून तिकडे.

“छान... छान दिसतंय पोरगं,” दाजी म्हणाले.

आयुष्यात त्यांनी पहिलं खोटं माप टाकलं, आणि ते घरातच.

उरलेले दिवस आम्ही बर्फ बघितला. गोठलेल्या तळ्यावरून माणसं चालत होती, तिथं निशांत आम्हाला घेऊन गेला. दाजी काठावरच थांबले. “बापू,” ते पहिल्यांदाच ‘राव’ न लावता म्हणाले, “त्या मुलीनं वजन केलंच नाही रे.”

“नाही केलं, दाजी.”

“डबा हातात आणला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं.”

मी त्यांचा मफलर कानावरून नीट बांधला.

सांगलीला पोहोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी व्हॅक्यूम क्लीनर परत न्यायला गेलो. दाजी पेपर उघडून बसले होते. पान उलटत नव्हते. अक्का मागच्या दारी कपडे भिजवत होती. तिथूनच तिचा आवाज आला.

“अहो, या स्वेटरला मुंग्या का लागल्यात?”

दाजींनी पेपर खाली केला. मी घाईघाईनं म्हणालो, “विमानात काहीतरी सांडलं असेल गं. जूस वगैरे देतात.”

अक्का स्वेटर घेऊन दारात आली. लोकरीच्या विणीतून मुंग्यांची रांग बाहीपर्यंत गेली होती. तिनं नखानं विणीतून एक दाणा काढला, तळहातावर घेऊन उजेडात धरला.

“विमानात काटेरी तीळ देतात होय रे बापू?”

मी नळी गुंडाळायला लागलो. नळी गुंडाळलेलीच होती.

“सगळंच मोडलं?” तिनं दाजींना विचारलं.

“हो.”

“पोराच्या अंगावर काहीच नव्हतं?”

“होती. एक मनगटी. डाव्या हातात.”

“एक,” अक्का म्हणाली. मग तळहातावरच्या दाण्याकडे बघत, “म्हणून फोन एवढा जवळ.”

“मी सांगणार होतो, सुले. रेवा नको म्हणाली.” दाजी उभे राहिले. “तू मला आधी सांगायचं होतंस. कपडे म्हणालीस. मी गुडघा दिला त्याच्यावर.”

“सांगितलं असतं तर नेलं असतंत?”

होय म्हणायला काय लागत होतं? कुठल्याही नवऱ्यानं म्हटलं असतं. पण एक खोटं माप त्यांच्या अंगावर आधीच होतं. दुसरं त्यांना टाकवेना.

“नसतं नेलं,” ते म्हणाले.

“मग?” अक्का म्हणाली.

आतून आत्तींची हाक आली. तिनं तो दाणा तोंडात टाकला, स्वेटर बादलीत बुडवला, हात पुसले आणि गेली.

ती रडली नाही, भांडली नाही, अबोलाही धरला नाही. फक्त त्यानंतर अक्कानं हलवा केला नाही. गल्लीतल्या बायका दोनतीन वर्षं विचारत आल्या, मग बाजारातून आणायला लागल्या. आत्ती आणखी पाच हिवाळे काढून गेल्या. त्यानंतर अक्काला तिकडं जाता आलं असतं, पण तोवर तिचे गुडघे गेले होते आणि ओजसचं बोरन्हाणाचं वय संपलं होतं. तो आता बारा वर्षांचा आहे. सुट्टीत येतो तेव्हा सायकलवरून उतरत नाही.

दाजी मात्र दर वर्षी पौषात माळ्यावरची शेगडी काढतात. परात ठेवतात. तीळ वजन करून घेतात, साखर वजन करून घेतात, पाण्यालासुद्धा माप. पाट घेऊन बसतात आणि बोटांनी परतत राहतात. बोटांची टोकं लाल होतात. तीळ पांढरे होतात, गोल होतात, पण काटा काही फुटत नाही. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हाही बसलेले होते.

“अक्का, सांग की गं त्यांना,” मी म्हणालो.

अक्का तांदूळ निवडत होती. तिनं परातीकडे न बघताच सांगितलं, “पाक एकदम सोडतात. त्यांना घाई असते.” आणि परत तांदळाकडे वळली.

“घाई नाही,” दाजी म्हणाले. “आता नाही.” तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

माझा धंदाच असा, की व्यवहार झाला की कुणाला काय पडलं ते डोक्यात आपोआप मांडलं जातं. त्या पाच दिवसांचं मांडून बघतो. तिकिटं जावयानं काढली. दाजींना नातू मिळाला, लेकीचा संसार दिसला, बर्फही दिसला. चौथी गोष्ट, ती सात किलोंची, त्यांनी आजवर कुणाला एकदाही सांगितलेली नाही. मला तर सगळंच फुकट पडलं. पदरचं घालणारं माणूस एकच होतं, आणि ते ठेवणीतली साडी नेसून, म्हातारीच्या उशाशी, आमचा फोन कधी येतो म्हणून बसून होतं.